साहेबांचं पाणी

दादा गेल्यावर त्याचं घड्याळ पुतण्याने नेलं, पुस्तकं वाचनालयाने नेली, आणि मासा कोणीच नेला नाही. तो माझ्या वाट्याला आला. म्हणजे राहिला वहिनींच्या बाहेरच्या खोलीतच, पण संध्याकाळी कचेरी सुटली की त्याच्याकडे जाणं माझ्या नशिबी आलं. चाळीस लिटरची काचेची टाकी, तळाला पांढरी वाळू, एक दगड, मागे घरघरणारा पंप, आणि मधोमध अंगठ्याएवढा नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्री मासा. खाणं ठरल्या वेळी मिळालं नाही तर तो पाठ फिरवून बसायचा, म्हणून दादाने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं.

वहिनी आता फक्त त्याच्याशी बोलत. माझ्याशी बोलत ते त्याच्याविषयी.

"बोलायला एवढा एकच उरलाय, भाऊजी," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "त्याला काही होऊ देऊ नका."

मी शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा पेशा असल्यामुळे स्वतःची चूक सापडायला तीन आठवडे गेले. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. काचेवर दादाने चिकटवलेल्या निळ्या पट्टीपर्यंत ते पुन्हा भरायचं. मासा समुद्रातला, तेव्हा मी इमानेइतबारे मीठ कालवलेलं पाणी भरत होतो. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, हे वाक्य मी सातवीच्या विज्ञानात दोनदा तपासलेलं आहे.

साहेबांच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके आले. कल्ले धापा टाकल्यासारखे हलू लागले. खाणं नाकासमोरून खाली बुडायचं आणि ते त्याच्याकडे बघत राहायचे.

"शेजाऱ्याचा मासा आहे, अंगावर ठिपके आलेत," टाकीतलं बाटलीभर पाणी पुढे करत मी टाक्यांच्या दुकानात सांगितलं.

"शेजाऱ्याला म्हणावं, मासा खारवायचा होता तर टाकी कशाला घेतली?" दुकानदाराने पाण्यातला क्षार मोजायची एक नळी माझ्या हातात दिली. तिच्या काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत आकडा दिसतो. "लिटरमागे पस्तीस ग्रॅम हवं, तुमचं, म्हणजे शेजाऱ्याचं, पंचेचाळीस झालंय. रोज तांब्याभर काढा, तांब्याभर साधं पाणी घाला. ठिपके म्हणजे अंगावरचे किडे, ते कमी खाऱ्या पाण्यात मरतात. चौदापर्यंत उतरवा, पण हळूहळू. घाई केलीत तर किड्यांआधी मासा जाईल."

वहिनींना मी म्हणालो, "हवा बदललीय."

पहिल्या संध्याकाळी मी आकडा त्रेचाळीसवर आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हाही त्रेचाळीसच होता. तासभर टाकीपाशी नुसता बसलो, मग पुन्हा मोजलं. चाळीस. मी अजून तांब्या उचललाही नव्हता.

"वहिनी, तुम्ही पाणी घातलंत का?"

"मी हात नाही लावत. थरथरतात माझे."

पाणी निळ्या पट्टीला टेकलेलं होतं. मी काच पुसली, दुसरा थेंब टाकला. चाळीस.

तिसऱ्या दिवसापासून मी तांब्या आणणंच सोडलं. आकडा तरी उतरत राहिला, आणि उतरायचा तो मी बसलेलो असतानाच. सदतीस, तेहतीस, अठ्ठावीस. घरी पोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटायची. उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायचो, तरी लघवीला जावं लागत नसे. शर्ट काढला की पाठीवर पांढऱ्या रेघा दिसत, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या. बायकोने माझ्या पट्ट्याला नवं भोक पाडलं.

"माशाची सेवा मानवली तुम्हाला," ती म्हणाली. "मी सांगून दमले, तेव्हा किलोभर उतरलं नव्हतं."

साहेबांनाही मानवली होती. ठिपके गळाले, रंग उजळला, खाणं वरच्या वर झेलू लागले. आकडा चौदावर आला. थांबला नाही.

नऊवर आला तेव्हा मी दुकानदाराला फोन केला.

"नळी बिघडलीय," तो म्हणाला. "नऊवर समुद्रातला मासा जगत नाही."

"जगतोय. खातोय."

"अहो, नऊ म्हणजे सलाइनची बाटली. माणसाच्या रक्ताच्या बरोबरीची असते म्हणून ती चढवतात." तो हसला. मग हसायचा थांबला. "शेजारी बरे आहेत ना?"

बरे आहेत, मी म्हणालो.

वहिनींना कचेरीतल्या कामाचं सांगून मी चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी पाकीट चिकटवताना जिभेला ओल सापडली. मला भरून आलं, आणि खरंच डोळ्यांत थोडं पाणी होतं.

त्याच दुपारी फोन आला.

"साहेब तळाला आडवे पडलेत, भाऊजी. पाणी चार बोटं उतरलंय."

"साधं पाणी घाला, वहिनी. पट्टीपर्यंत."

"घातलं. ते त्यांना लागत नाही. तुम्ही या."

नाही म्हणता आलं असतं. पण दुखणं मी लावलं होतं, आणि पलीकडे त्या रडत नव्हत्या, नुसत्या वाट बघत होत्या.

गेलो. खुर्ची आधीच काचेला लावून ठेवलेली होती.

बसलो. पंप घरघरत होता. दहा मिनिटांनी वाळूवर एक कल्ला हलला. मग साहेब सावकाश वर आले आणि माझ्या तोंडासमोर स्थिर उभे राहिले.

वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"वहिनी, चूक माझी होती. मी खारं पाणी भरत होतो."

"माहीत आहे."

"बोलला नाहीत कधी."

"ह्यांनीही सुरुवातीला तेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "मग बसायला लागले."

मला काहीतरी विचारायचं होतं, पण ओठ एकमेकांना चिकटले होते. त्या उठून आत गेल्या. पाणी आणायला गेल्या असं मला वाटलं.

त्या उशी घेऊन आल्या. माझ्या मानेमागे ती हळूच सारली.

"टेका," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो त्यांना."

उशीत एक खळगा होता. माझं डोकं त्यात नीट बसलं.