चौदावी सूचना

"धोंडू, रांगेत घुसू नकोस. विलायतेत रांग मोडली तर लोक भांडत नाहीत, नुसते बघतात. सूचना क्रमांक तीन," शेवंतीने हातातली पुस्तिका वाचून सांगितलं.

"बघू देत की. बघण्याने बस थोडीच चुकते?" धोंडू म्हणाला.

चाळीच्या गॅलरीत विलायत भरली होती. पाण्याचं पिंप ही बस. बारा वर्षांची शेवंती कंडक्टर, तिचा धाकटा भाऊ धोंडू आणि समोरच्या चाळीतला जगदीश परब हे उतारू. लालबागची मे महिन्याची सुट्टी होती, साल १९५८. शेवंतीची थोरली बहीण अंबिका नर्सिंग शिकायला इंग्लंडमधल्या लीड्स शहरात निघाली होती. तिचं विलायतेचं टपाल ज्यांच्या पत्त्यावर यायचं, त्या गिरगावच्या परदेश मार्गदर्शन कार्यालयाने तिला 'विलायतेतील शहरांत विद्यार्थ्यांनी कसे राहावे' ही पुस्तिका दिली होती. ताईपेक्षा या तिघांनाच ती जास्त पाठ झाली होती.

"सात. खोलीतली शेगडी गॅसच्या मीटरवर चालते. शिलिंगचं नाणं टाकल्याशिवाय पेटत नाही."

"आणि नाणं संपलं तर?" जगदीशने विचारलं. "माणूस गारठून मेला?"

"ते पुस्तिकेत नाही. ऐक. नऊ. परगावी जाताना रेल्वेपेक्षा मोटार-कोच स्वस्त. दहा. म्युझियम फुकट असते, पाऊस आला की तिथे बसावे. चौदा. इंग्रज मनुष्य नावातील शेवटचा शब्द हेच आडनाव धरतो. टपालाची चौकशी त्याच शब्दाने करावी."

"मी धोंडू रामजी लिहिलं तर?"

"तर तू मिस्टर रामजी."

"मायला! बाबांना मिलमध्ये जॉबर 'ए राम्या' म्हणायचा, आणि मी मिस्टर?"

शेवंतीने पुस्तिका मिटली. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लालबागला गोळीबार झाला तेव्हा रामजी पाळी संपवून घरी येत होते. ते घरी आलेच नाहीत.

तेवढ्यात अंबिका जिना चढून आली. चपला न काढताच ती उंबऱ्यावर बसली.

"पत्र आलं का गं ताई?"

"नाही. लीड्सच्या हॉस्पिटलचं पत्र उद्या, मंगळवारी, सकाळी अकरापर्यंत कार्यालयात दाखवलं नाही, तर बोटीवरची माझी जागा दुसऱ्या मुलीला देणार. तिथला बाबुराव कारकून म्हणाला, टपालाच्या कपाटात म च्या खणात काही नाही, उगाच खेपा घालू नकोस."

"म च्या?" शेवंतीने विचारलं. "तुझं नाव म वरून कुठं सुरू होतं?"

अंबिकाने चपला काढल्या. मग म्हणाली, "त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं, बौद्ध झाल्यापासून आम्ही जुनं आडनाव टाकलंय, नुसतं वडिलांचं नाव लावतो. तो म्हणाला, आडनाव नसेना, जात तर आहे. आणि रजिस्टरात लिहिलं, महार, अंबिका."

शेवंतीने पुस्तिका पुन्हा उघडली. "आणि लीड्सला पाठवलेल्या फॉर्मवर तू काय लिहिलं होतंस?"

"अंबिका रामजी. दुसरं काय लिहिणार?"

"मग तुझं पत्र म मध्ये कशाला पडेल?"

अंबिकाने बहिणीकडे पाहिलं. तिच्या डोक्यात तीन आठवडे अपमान होता, खण नव्हते. पण सकाळी तिची इथल्या हॉस्पिटलात ड्यूटी होती, आणि रजा मागितली तर नोकरी गेली असती.

"तू जा ड्यूटीला," शेवंती म्हणाली. "आम्ही बघतो."

"तो तुम्हाला उभं करणार नाही."

"मला करेल," जगदीश म्हणाला. "माझं आडनाव त्याला चालेल." हे बोलताना त्याचा चेहरा कडू झाला होता.

मंगळवारी सकाळी दहाच्या ट्रामने तिघं गिरगावात उतरले. कार्यालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पोस्टर होतं: 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. हुतात्म्यांना वंदन.' त्याखाली टेबल, टेबलामागे बाबुराव, आणि बाबुरावांच्या मागे टपालाचं लाकडी कपाट. त्याला अ पासून ज्ञ पर्यंत खण. आतल्या खोलीत कार्यालयाच्या प्रमुख मृणालिनीबाई काही लिहीत बसल्या होत्या.

"काय रे, आडनाव काय?" बाबुरावांनी जगदीशला विचारलं.

"परब. पुढेमागे मलाही विलायतेला जायचंय. तुमची पुस्तिका वाचली."

"बस, बस. पाणी पी. आणि ही दोघं?"

"आम्ही आडनाव लावत नाही," शेवंती म्हणाली.

"मग दाराशी उभी राहा."

दोघं दाराशी उभी राहिली. माठ हाताच्या अंतरावर होता, पण पाणी एकट्या जगदीशला मिळालं. त्याने पेला तसाच खाली ठेवला.

"चौदावी सूचना जरा समजत नाही," तो म्हणाला.

बाबुराव खुलले. "ती मीच लिहिलीय. लोक इथेच फसतात. समज, एखाद्याने आपलं आणि बापाचं नाव तेवढं लिहिलं. इंग्रजाला काय कळणार? तो बापाचं नाव हेच आडनाव धरतो."

"म्हणजे एखादी मुलगी असेल, अंबिका रामजी…"

"तर ती मिस रामजी. पाकिटावर तेच येणार."

"मग तिचं पत्र तुम्ही कुठल्या खणात ठेवाल?"

"र च्या. सोपं आहे."

"मग बघा ना र च्या खणात."

बाबुराव हसत वळले. र च्या खणातून त्यांनी सात-आठ पाकिटं काढली आणि एकेक खाली ठेवू लागले. चौथ्या पाकिटाशी त्यांचं हसू थांबलं. ते पाकीट त्यांनी पुन्हा खणात सरकवायला घेतलं.

"काका, ते वाचा," शेवंती दारातून म्हणाली. "मोठ्याने वाचा."

तिचा आवाज ऐकून मृणालिनीबाई बाहेर आल्या. त्यांनी पाकीट घेतलं आणि वाचलं, "मिस ए. रामजी. लीड्सहून." त्यांनी पोस्टाचा शिक्का पाहिला. "बाबुराव, हे तीन आठवड्यांपूर्वी आलंय."

"बाई, या नावाची कुणी रजिस्टरात नाही."

"आहे," शेवंती म्हणाली. "म च्या पानावर बघा. तिथे तुम्ही माझ्या बहिणीची जात लिहिलीत. नाव तिने सांगितलं होतं, ते तुम्ही ऐकलं नाहीत. या पोस्टरवर तुम्ही ज्यांना वंदन केलंय ना, आमचे बाबा तसेच गोळी लागून गेले. रामजी त्यांचंच नाव."

बाबुराव पोस्टरकडे बघेनात आणि तिच्याकडेही बघेनात. घड्याळात अकराला वीस मिनिटं कमी होती. मृणालिनीबाईंनी बोटीच्या कागदावर सही केली, शिक्का मारला आणि पाकीट शेवंतीच्या हातात दिलं.

"हुशार आहेत हो मुलं. तुमच्यातही इतकी…" त्या कौतुकाने म्हणाल्या.

"तुमच्यात म्हणजे कुणात, बाई?"

 मृणालिनीबाईंनी स्वतः रजिस्टर ओढलं, म च्या पानावर रेघ मारली आणि र च्या पानावर लिहिलं: रामजी, अंबिका. शेवंती ते लिहून होईपर्यंत हलली नाही. जाताना धोंडूने माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि सावकाश, सगळ्यांच्या देखत प्यायलं. 

ऑगस्टमध्ये ताईचं पत्र आलं. आई, गंगुबाई, मिलमधून येऊन भिंतीला टेकून बसली होती. तिला वाचता येत नसे. शेवंतीने वाचलं:

"शेगडीत शिलिंग टाकावं लागतं, हे खरं. कोच स्वस्त आहे, हेही खरं. बरोबरची एक मुलगी खोली शोधत होती, तिच्यासोबत गेले. एका दारावर पाटी होती: काळ्या लोकांना जागा नाही. दादरला आपण खोली शोधली तेव्हा पाटी नव्हती, नुसतं आडनाव विचारलं होतं. ही सूचना पुस्तिकेत नाही. तू पेनाने लिहून ठेव, पंधरावी म्हणून. इथे रोज सकाळी वॉर्डात हजेरी होते. मोठी सिस्टर सगळ्यांसमोर पुकारते, मिस रामजी. मग मी उभी राहते."

शेवंती थांबली. गंगुबाईने पदराने तोंड पुसलं.

"शाबास गो पोरांनो," ती म्हणाली. मग तिने डोळे मिटले. "ती शेवटची ओळ परत वाच. काय म्हणून पुकारतात?"