हसतील तेच दिसतील

पडद्यावरची वाळू इतकी स्वच्छ होती, की डॉ. तेजल तांडेलला आधी तो कुठला तरी परदेशी किनारा वाटला. मग तिला डाव्या कोपऱ्यातलं वाकडं सुरूचं झाड दिसलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या झाडाखाली बसून तिने शाळेचा अभ्यास केला होता. हे मांडळे बंदर होतं, तिचं गाव. आणि ही जागा म्हणजे गावाचं मासळी वाळवायचं खळं. गावातल्या निम्म्या बाया तिथे दिवसभर उन्हात राबतात, बांबूच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगतात, खाली जवळा पसरतात. फोटोत बाया नव्हत्या, वलांड्या नव्हत्या, एक बोंबीलसुद्धा नव्हता. निळा समुद्र होता आणि मधोमध उभा राहून दात काढणारा एक सर्वेक्षक होता.

"बघितलंस?" फोनवर तिची आत्या जयवंती कडाडली. आईमागे तेजलला तिनेच वाढवलं होतं, ह्याच खळ्यावरच्या मासळीवर. "किनारा विकास मंडळाने नोटीस लावलीय गो. म्हणे खळं ओसाड आहे, कोणी वापरत नाही, म्हणून तिथे विहारपथ बांधणार. शहरातल्या लोकांना फिरायला! अगं, तो मेला फोटो काढून घेत होता तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी राहून त्याला शिव्या घालत होते. मी काय भूत आहे?"

तेजलने फोटो मोठा केला. तिचं लक्ष फोटोखालच्या बारीक निळ्या मुद्रेकडे गेलं होतं. ही मुद्रा उमटवणारा कॅमेरा ती बसली होती त्याच प्रयोगशाळेत जन्मला होता.

त्याचं नाव श्रीगणेशा. नवशिक्यांसाठी बनवलेला, तळहातात मावणारा, एकाच बटणाचा. ज्याला उजेड कळत नाही, अंतर कळत नाही, त्याने नुसतं बटण दाबावं आणि फोटो झकास यावा, एवढीच त्याची प्रतिज्ञा. आणि तो झकास यायचा तो 'पसाराहरणा'मुळे. नको ते फोटोतून आपोआप पुसून टाकायची ती युक्ती तेजलचीच होती. त्या युक्तीसाठी तिला शाल आणि नारळ मिळाला होता.

ती तडक प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. श्रीरंग आगटे यांच्या खोलीत गेली आणि फोटो त्यांच्यापुढे धरला.

"सर, हे सहलीचे फोटो काढायला बनवलेलं खेळणं सरकारी मोजणीत कसं गेलं?"

"कसं म्हणजे?" आगटे शांतपणे म्हणाले. "मोबाइलच्या फोटोंवर आता कोणाचा विश्वास उरलाय? कोणीही काहीही बनवतो. आपल्या कॅमेऱ्यात फोटो निघाल्याक्षणी मुद्रा उमटते. त्यानंतर एक ठिपका जरी बदलला तरी ती फुटते. म्हणून तर कायदाच झाला. पंचनामा असो, हजेरी असो, कोणाला जागेवरून उठवायचं असो, मुद्रित फोटो हवाच. त्यातून मोजणीला येतात कंत्राटी पोरं, त्यांना छायाचित्रण कुठे येतं? एका बटणाचा कॅमेरा त्यांना सोयीचा."

"पण पसाराहरण मुद्रेच्या आधी होतं!"

"अर्थात. नंतर केलं तर मुद्रा फुटेल."

"म्हणजे आधी खोटं करायचं आणि मग त्यावर खरेपणाचा शिक्का मारायचा?"

आगट्यांनी चष्मा काढून पुसला. "खोटं नको म्हणूस. प्रकाशपटलावर सगळं उमटतं. मग कॅमेरा ठरवतो, यातला विषय कोणता आणि पसारा कोणता. पसारा पुसतो, त्या जागी शेजारची वाळू, शेजारचं आकाश भरतो. विषय कसा ओळखायचा हे त्याला तूच शिकवलंस, तेजल. लोकांनी जपून ठेवलेले कोट्यवधी फोटो दाखवून."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त झोंबलं. त्या जपलेल्या फोटोंमधून कॅमेरा साधं गणित शिकला होता: जो लेन्सकडे बघतो आणि हसतो तो विषय. बाकी सगळा पसारा.

"आणि रागावलेली माणसं?" तिने विचारलं.

"रागावलेला फोटो जपून कोण ठेवतं?"

"मूळ प्रत तरी राहते का कॅमेऱ्यात?"

"नाही. दोन-दोन फोटो दिसले की नवशिके गोंधळतात. तुझीच सूचना होती ती."

"मग आपण मंडळाला कळवू या. लेखी."

आता मात्र आगट्यांचा आवाज बदलला. "काय कळवू? की आजवर देशात जेवढे मुद्रित फोटो निघाले ते सगळे संशयास्पद आहेत? त्यांवर लागलेले निकाल, झालेल्या जप्त्या, सगळं फिरवायचं? एका खळ्यासाठी कंपनी बुडवू? तू हुशार आहेस, व्यवहार बघ."

व्यवहार! तेजलला त्या शब्दाची शिसारी आली. ज्या बाईने उन्हात बोंबील वाळवून हिला डॉक्टरेटपर्यंत पोचवलं, तिलाच हिच्या गणिताने पसारा म्हणून झाडून टाकलं होतं, आणि हे गृहस्थ व्यवहार सांगत होते. तिने रजेचा अर्जसुद्धा दिला नाही. सरळ मांडळ्याची गाडी धरली.

नोटिशीवर फेरमोजणी मागता येत होती, ती आत्याने आधीच मागून ठेवली होती. फेरमोजणीच्या दिवशी सकाळी तेजलने सगळ्या बायांना खळ्यावर गोळा केलं.

"सर्वेक्षक आला की कोणी भांडायचं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं आणि हसायचं."

मग जयवंती आत्या कंबरेवर हात ठेवून पुढे आली. "पोटावर पाय येतोय आणि हसू कुठून आणू? डोकं फिरलंय का तुझं?"

"आत्ये, तो कॅमेरा हसणाऱ्यालाच माणूस समजतो. बाकीच्यांना पुसतो."

"असला कॅमेरा कोणत्या गाढवाने बनवला?"

तेजलने मान खाली घातली. "मी," ती म्हणाली.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. दोन-चार शिव्या तिच्या ओठांवर आलेल्या दिसत होत्या, पण त्या तिने गिळल्या. "बरं," ती शेवटी म्हणाली. "हसतो आम्ही. पण हे लक्षात ठेव, आजवर कोणासमोर खोटं हसले नाही मी. गिऱ्हाइकासमोरसुद्धा."

सर्वेक्षक आला. सगळ्या बाया ओळीने उभ्या राहून हसल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हसत होते आणि कॅमेऱ्याला तेवढं पुरलं. बटण दाबलं गेलं, फोटो परस्पर मंडळाच्या दप्तरात गेला. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर चेहरे दिसले तेव्हा तेजलचा जीव भांड्यात पडला. नीट निरखून बघायचं तिला सुचलं नाही.

तो फोटो तिने नीट पाहिला तो सुनावणीच्या दिवशी, तालुक्याच्या सभागृहात, भिंतभर मोठा केलेला. आणि ती ताडकन उभी राहिली.

बाया होत्या, सगळ्या होत्या. पण वलांड्या नव्हत्या, बोंबील नव्हते, जवळा नव्हता, टोपल्या नव्हत्या. वस्तू हसत नाहीत, आणि जागेवरून हलवता येते ती प्रत्येक वस्तू कॅमेऱ्याला पसारा. स्वच्छ पांढऱ्या वाळूवर साठ-सत्तर बाया मोकळ्या हातांनी उभ्या राहून खळखळून हसत होत्या. माणसं वाचवायच्या नादात ती खळंच विसरली होती.

"जमीन ओसाड नाही, हे मंडळ मान्य करतं," मंडळाचे अधिकारी दळवीसाहेब वाचू लागले. "स्थानिक महिला या किनाऱ्यावर विहारासाठी येतात, असं मुद्रित फोटोवरून सिद्ध होतं. त्यांच्या चेहऱ्यांवरचं समाधान पाहता नियोजित विहारपथास त्यांची संमती दिसते."

सभागृहात एकच गदारोळ झाला. "संमती? कोणाची संमती?" "ये खळ्यावर, दाखवते संमती!" आत्या तर बाकावरच चढली. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं ती दळवीसाहेबांच्या तोंडावर म्हणाली.

तेजल पुढे धावली. "साहेब, तो कॅमेरा मी बनवलाय. तो खोटं दाखवतो. मी लेखी द्यायला तयार आहे."

"बाई, तुमच्याच कंपनीने आम्हाला लेखी दिलंय की मुद्रित फोटोत फेरफार होत नाही. तुमचं खरं मानू की कंपनीचं?"

"कोणाचंच मानू नका. तुमच्या टेबलावर श्रीगणेशा आहे ना? आत्ता, ह्या क्षणी, ह्या सभागृहाचा फोटो काढा. समोर माणसं किती ते तुमच्या डोळ्यांनी बघा, मग फोटोत बघा."

दळवींनी खांदे उडवले आणि बटण दाबलं. फोटो भिंतीवर उमटला. जमिनीला ठोकलेले रिकामे बाक. उघड्या खिडक्या. फिरता पंखा. बास! ओरडणाऱ्या, मुठी आवळलेल्या, संतापाने लालबुंद झालेल्या बायांपैकी एकही नाही. तेजलसुद्धा नाही.

"बघा!" ती म्हणाली. "आता तरी पटलं?"

दळवी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले, मग समोरच्या गर्दीकडे. त्यांना पटलं होतं. त्यांचा चेहराच सांगत होता. पण त्यांनी पेन उचललं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेले, कारण तसा नियम होता. "सुनावणीच्या वेळचा मुद्रित फोटो जोडला आहे. हरकत घेणारे कोणीही उपस्थित नव्हते. सबब आदेश कायम."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तेजल मटकन बाकावर बसली. इतकी अक्कल, इतकं गणित, आणि त्याने काय साधलं? तिने आपल्या हातांनी आपल्याच माणसांची हरकत पुसून दिली होती. लाज आणि संताप यांतलं जास्त काय, हे तिला सांगता आलं नसतं.

आत्या मात्र बाकावरून खाली उतरून भिंतीवरच्या रिकाम्या सभागृहाकडे बघत उभी होती. मग तिने तेजलचा दंड धरला.

"काय गो, माणसाला जागेवरून उठवायचं तरी असला फोटो लागतो म्हणालीस ना?"

"हो. तो माणूस तिथे बसलाय, असा मुद्रित फोटो आधी लागतो. त्याशिवाय हात लावता येत नाही."

"आणि यंत्रं आणायची तर?"

"जागा मोकळी आहे, असं साहेबाला समोर उभं राहून सही करून द्यावं लागतं. माणूस दिसत असताना यंत्र चालवलं आणि कोणाला लागलं, तर तुरुंगात साहेब जातो."

"असं होय," आत्या म्हणाली आणि पदर खोचून चालू लागली.

पथक आलं ते भर उन्हात. दोन यंत्रं, एक गाडीभर पोलीस आणि हातात श्रीगणेशा घेतलेले खुद्द दळवीसाहेब. खळं गच्च भरलं होतं. वलांड्या बोंबिलांनी वाकल्या होत्या, आणि प्रत्येक वलांडीखाली एकेक बाई मांडी घालून बसली होती. एरवी ह्या खळ्यावर हसण्या-खिदळण्याला खळ नसायचा, सुनांची थट्टा, नवऱ्यांच्या नकला, सगळं चालायचं. आज चिडीचूप. सगळे चेहरे दगडाचे. त्यासाठी कोणाला नाटक करावं लागलं नाही.

दळवींनी बटण दाबलं आणि पडद्यात पाहिलं. स्वच्छ वाळू. पुन्हा दाबलं. स्वच्छ वाळू. त्यांनी जवळ जाऊन आत्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरला. पडद्यावर समुद्र आला, तिच्या आरपार दिसावा तसा.

"साहेब, उचलू का ह्यांना?" पोलिसांचा नाईक म्हणाला.

"कोणाला उचलतोस? फोटोत आहे का कोणी?" दळवी खेकसले.

"मग यंत्र घालू?"

"माणसांवर? आणि सही कोण करणार, तू?"

यंत्रवाल्याने यंत्र बंद केलं. त्याची आई शेजारच्या बंदरात मासळीच सुकवायची. ऊन चढत गेलं. दळवी खळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅमेरा घेऊन फिरले, बसून काढले, वाकून काढले, वाळूत गुडघे टेकून काढले. परतताना त्यांचा पाय ओल्या जवळ्यावरून सरकला आणि ते कॅमेऱ्यासकट बोंबिलांच्या टोपलीत बसले.

तेजलच्या शेजारी बसलेल्या एका तरुण सुनेच्या गळ्यातून बारीकसा आवाज निघाला. तिचे खांदे गदगदू लागले.

"खबरदार!" आत्या मान न वळवता गुरगुरली. "हसशील त्या घटकेला उचलून नेतील."

सुनेने पदराचा बोळा तोंडात कोंबला. दळवीसाहेब उठले, बोंबील झटकले, आणि घामाने डबडबलेल्या हातांनी त्यांनी पुन्हा एकदा आत्यासमोर कॅमेरा धरला. त्यांचा आवाज आता अगदी गरीब झाला होता.

"मावशी," ते म्हणाले, "जरा हसा ना."

"पोटावर पाय येतोय," आत्या म्हणाली, "आणि हसू कुठून आणू?"