वाफ्यातून पळालेली गांडुळं

"थांब! पाऊल टाकू नकोस!" मुंगी ओरडली.

भुंगा बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. त्याच्या चपलेखाली, विटांच्या वाटेवर, एक गांडूळ वळवळत होतं. त्याच्या मागे दुसरं, तिसरं... मग तर मोजदादच नाही!

ही दोघं भावंडं सुट्टीत मावशीच्या रोपवाटिकेत आली होती. अंगानं बारीक पण कामाला चिवट म्हणून ताई मुंगी. दिवसभर तोंडाची गुणगुण चालू म्हणून धाकटा भुंगा. आणि जे दिसेल ते समजावून सांगायची खोड म्हणून त्यांचा मावसभाऊ मास्तर!

तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. ती माळीकाकांवर चिडली होती.

"काका, आज तिसरा दिवस! वाफ्यात एवढं पाणी ओतू नका म्हणून किती वेळा सांगायचं? या गांडुळांच्या खतावर माझी रोपं जगतात. असंच चाललं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बाई, मी झारीनं नुसतं शिंपडतो हो," माळीकाका हळू आवाजात म्हणाले. पण मावशी केव्हाच तरातरा निघून गेली होती.

माळीकाका खाली बसले आणि एकेक गांडूळ अलगद उचलून ओल्या गोणपाटावर ठेवू लागले. मुंगीही त्यांच्या शेजारी बसून गांडुळं उचलू लागली.

"काकांची चूक नाहीये," ती ठामपणे म्हणाली.

"कशावरून?" मास्तरनं विचारलं.

"ते शोधायचंय! तुझं भिंग आण."

मास्तर धावत जाऊन भिंग घेऊन आला. मुंगीनं वहीच्या कोऱ्या कागदावर एक गांडूळ ठेवलं आणि कान लावला.

"ऐका! खरखर येतेय!"

"येणारच! त्याच्या पोटाखाली बारीक ताठ केस असतात," मास्तर सुरू झाला. "आधी ते पुढचं अंग बारीक करून लांबवतं. मग ते आखूड करून पुढचे केस जमिनीत रोवतं आणि मागचं अंग ओढून घेतं. हाडं एकही नाही! स्नायूंनी आतल्या पाण्यावर दाब द्यायचा, की झालं."

"म्हणजे पाणी भरलेला लांबडा फुगा!" भुंगा म्हणाला. "इकडून दाबला की तिकडून लांब!"

मुंगी मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर गांडूळ बोटभर अंतरासाठी केवढा आटापिटा करत होतं!

"एवढे कष्ट करून ही कोरड्या विटांवर मरायला कशाला येतील? कशाला तरी घाबरून पळतायत ती! कुठून निघाली, ते बघू या."

तिघांनी जमिनीला नाक लावलं. कोवळ्या उन्हात विटांवर चिकट रेघा चमकत होत्या. सगळ्या रेघा वाफ्याच्या मागच्या टोकाकडून, कुंपणभिंतीजवळून येत होत्या. वाफ्याच्या पुढच्या अर्ध्या भागात गांडुळं खुशाल मातीत होती.

"काकांनी पाणी जास्त घातलं असतं, तर चारी बाजूंनी बाहेर आली असती!" मुंगी म्हणाली. तिनं भिंतीलगत खुरप्यानं खड्डा खणला. हातभर खाली माती बुळबुळीत लागली. तळाशी पाणी साचू लागलं आणि त्यावर फेस तरंगला.

भुंग्यानं वास घेतला. "शी! साबण!"

भिंतीपलीकडे होतं गाड्या धुण्याचं केंद्र. तिघं तडक तिथे गेली. मालक खुर्चीत रेलून फोन बघत होता.

"आमचं पाणी रस्त्याच्या गटारात जातं," तो मानही वर न करता म्हणाला. "गांडुळं म्हणे! पळा, पोरखेळ नकोय इथे!"

बाहेर येताच भुंग्याचं तोंड पडलं. मुंगीचे डोळे मात्र लकाकत होते.

"पाणी कुठं जातं ते पाण्यालाच विचारू. मास्तर, तुझ्या रंगपेटीतली निळ्या रंगाची बाटली आण!"

आधी त्यांनी माळीकाकांच्या मदतीनं सगळी गांडुळं पलीकडच्या स्वच्छ वाफ्यात हलवली. मग माळीकाका खड्ड्यापाशी बसले, मास्तर रस्त्यावरच्या गटाराच्या तोंडाशी उभा राहिला आणि भुंगा मालकापुढे!

"काका, ट्रक धुवायला किती वेळ लागतो? आणि रेल्वेचं इंजिन? आणि विमान कोण धुतं हो?"

मालक कपाळाला हात लावून बसला. तेवढ्यात मुंगीनं फरशीवरच्या जाळीत बाटली रिकामी केली. एका गाडीवर पाण्याचा जोराचा फवारा चालूच होता. निळं पाणी गर्रकन फिरून खाली गेलं.

मास्तर गटाराकडे टक लावून होता. एक मिनिट, पाच मिनिटं... थेंबही आला नाही!

"पोरांनो! या लवकर!" भिंतीपलीकडून माळीकाकांची हाक आली.

खड्ड्यातलं पाणी निळंशार झालं होतं!

मुंगी मावशीला हाताला धरून घेऊन आली. भुंग्यानं मालकाला आणलं. खड्डा बघताच मालकाचा चेहरा खर्रकन उतरला.

"गटाराकडे जाणारा पाइप फुटलाय खरा... दोन आठवडे झाले. आज करू, उद्या करू म्हणता राहूनच गेलं."

"तुमच्या आज-उद्यापायी माझी हजारो गांडुळं मेली असती!" मावशी कडाडली. "आणि मी एका भल्या माणसाला घालवून बसले असते! पाइप दुरुस्त होईपर्यंत एकही गाडी धुवायची नाही."

मालकानं लगेच फोन लावला. तासाभरात प्लंबर आला आणि फरशी उकरायला लागला.

मावशी माळीकाकांकडे वळली. "काका, चुकलं माझं. न बघताच बोलले."

"राहू द्या बाई," माळीकाका डोळे पुसत म्हणाले. "मी चाळीस वर्षं माती उकरतोय. पण गांडूळ आलं कुठून, हे बघायचं मलाही सुचलं नाही. या पोरांना सुचलं! शाबास रे!"

"शाबास तर आहेच," मावशीनं तिघांना जवळ ओढलं. "रोपवाटिका वाचवलीत माझी!"

वाटेच्या कडेला एक गांडूळ राहून गेलं होतं. मुंगीनं ते ओल्या तळहातावर घेतलं. त्याचे इवलेसे केस तिच्या कातडीला टोचले, अगदी हलकेच. स्वच्छ वाफ्यावर हात टेकवताच ते लांब झालं, टोकदार झालं आणि भुंगा वाकून बघायच्या आत मातीत शिरलंसुद्धा!