गडद पट्ट्याचा बिल्ला

"चोर म्हणजे ती चहावाली. आणखी काय शोधायचंय?" लोदोइ म्हणाला. "तुम्हाला बोलावलं कुणी?"

"तिनंच," डुलमा म्हणाली आणि हातमोजे काढून रेडिएटरवर ठेवले.

डुलमा पोलिसांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली त्याला सात वर्षं झाली होती. उलानबातरमध्ये ज्यांना पोलिसांची पायरी चढायची नसते, ते तिचा जिना चढतात. तिच्यामागून दारातून आडवा होऊन आत आला तो गानखुयाग. एके काळचा पैलवान, आता तिची गाडी चालवतो आणि फावल्या वेळात चुकीचे अंदाज बांधतो. चहावाली झुला त्याची मामेबहीण होती. आज त्याचे कान थंडीनं लाल होते की रागानं, ते सांगणं कठीण होतं.

जुन्या कामगार सभागृहाच्या या खोलीत दर रविवारी श्रमगौरवाचे बिल्ले जमवणारे जमतात. एरवी तीस-चाळीस माणसं असतात. आज बाहेर उणे चौतीस होतं, म्हणून तिघेच आले होते. बांधकामाच्या सामानाचा व्यापारी लोदोइ, बाजारात बिल्ले विकणारा पुंत्साग आणि याद्मा नावाचा एक म्हातारा. चौथी झुला. ती सभागृहाची राखण करायची, चहा द्यायची आणि मागच्याच खोलीत राहायची.

"संध्याकाळपर्यंत बिल्ला मिळाला नाही तर खोली रिकामी कर, असं व्यवस्थापक म्हणालेत," झुला पुटपुटली. "या थंडीत कुठे जाऊ, डुलमाताई?"

"आधी चहा टाक," डुलमा म्हणाली. "मग बघू."

टेबलावर मखमलीचा फळा होता. त्यावर लाल निशाणाचे बिल्ले ओळीनं लावलेले. मधोमध एक भोक रिकामं होतं आणि खाली एक पितळी फिरकी पडली होती, कानातल्या कुड्यांना असते तशी.

"कोणता होता?"

लोदोइचा चेहरा एवढ्या दुःखातही खुलला. "माझा गडद पट्ट्याचा! बाकी सगळ्यांच्या निशाणाचा मीना एकसारखा लाल असतो. याच्या कडेला मात्र गडद पट्टा. चाचणीसाठी काढलेला नमुना, अख्ख्या मंगोलियात एकच. मी लेख लिहिलाय त्यावर."

"हात लावून बघितलाय कुणी?"

"हात? काचेखालून बाहेर काढत नाही मी तो. आज फोटो काढायचा म्हणून झाकण उघडलं. तेवढ्यात चहा आला. आम्ही वळलो, परत बघतो तर बिल्ला गायब!"

"ही फिरकी त्याचीच?"

"मूळची नाही. बाजारात मिळाला तेव्हा फिरकी नव्हतीच. दुसऱ्या बिल्ल्याची लावली होती, ती जरा सैल बसायची."

"झडती घेतली?"

"मी आणि पुंत्सागनं एकमेकांची घेतली, मग आजोबांची. टोपी, बूट, अंगातल्या देलच्या छातीची खोळ, सगळं बघितलं. खोळीत लाकडी वाटी, तपकिरीची कुपी आणि एक लाल चोपडी. दार मी लगेच लावून घेतलं. पण त्याआधी ही बया गरम पाण्यासाठी दोनदा बाहेर गेली होती! बर्फात कुठेतरी पुरून आली असणार."

कोपऱ्यातला म्हातारा खुर्चीतून अर्धवट उठला. "साहेब, मी काय म्हणतो..."

"आजोबा, तुम्ही बसा हो," लोदोइ म्हणाला. "तुमचं काही काम नाही यात."

म्हातारा बसला.

गानखुयागनं डुलमाला बाजूला घेतलं. "पुंत्सागच. खिडकीतून फेकला असणार."

"खिडकीच्या फटींना हिवाळ्याच्या आधी चिकटवलेला कागद जसाच्या तसा आहे, बाबा."

"मग गिळला असेल."

"तू गिळून बघ एक. मागे केवढा स्क्रू आहे ते कळेल."

पुंत्साग बारीक डोळ्यांचा आणि लांब जिभेचा माणूस होता. विचारायची वाट न बघताच तो सुरू झाला. "माझ्यावर संशय आहे ना? घ्या की! मी दोनदा मागितला होता तो, लोदोइनं दिला नाही. तो नमुना खरा नाही असंही मी चारचौघांत म्हणालोय. पण ताई, मी चोरला असता तर फिरकीसकट चोरला असता. फिरकीशिवाय बिल्ला छातीवर राहत नाही, आणि विकायला गेलात तर निम्म्या भावात जातो. फिरकी मागे ठेवणारा माणूस आमच्या धंद्यातला नव्हे."

"चोर घाईत होता," लोदोइ म्हणाला.

"घाईतला माणूस मुठीत येईल ते उचलतो," डुलमा म्हणाली. "नको ते निवडून मागे ठेवत नाही."

आता ती म्हाताऱ्याकडे गेली. त्यानं रीतीप्रमाणे तपकिरीची कुपी पुढे केली. तिनं उजव्या हातात घेतली, हुंगली, परत दिली. याद्माच्या अंगात जुना निळा देल, म्हणजे पायघोळ मंगोल डगला होता, नारिंगी कमरपट्टा घट्ट बांधलेला. छातीवर सहा बिल्ले, दोन ओळींत तीन-तीन, कवायतीला उभे केल्यासारखे.

"कुठे होतात नोकरीला, आजोबा?"

"रेल्वे डेपोत. सिग्नलच्या तबकड्या रंगवायचो. लेथही चालवायचो."

"इथे नेहमी येता?"

"हा चौथा रविवार. यांना विचारायला येतो..."

"हे काय विचारणार!" लोदोइ मध्येच बोलला. "बाई, माझा लेख छापून आल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी म्हातारा येतो आणि बिल्ला माझाच म्हणतो. कुणाकुणाचं ऐकायचं? आणि एवढे बिल्ले वाटले होते सरकारनं, कुणाचा कुठला कोण सांगणार?"

 डुलमा झुलाच्या मागे चहाच्या खोलीत गेली.

"सकाळपासून काय काय झालं ते सांग. फालतू वाटेल तेही सांग."

"काय सांगू ताई? लोदोइसाहेब आले, फळा मांडला. पुंत्साग आला, दोघं भांडले. मग आजोबा आले. कुडकुडत होते. त्यांच्या देलला छातीवर, बिल्ल्यांच्या मधे भोक दिसलं. म्हटलं, द्या आजोबा, टाका घालते, वारा आत जातो. तर म्हणाले, नको पोरी, ते भोक शिवायचं नाही. एवढ्यानं डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हातारी माणसं, काय बोलणार?" तिनं डोळे पुसले. "मला चोर म्हणाले तेव्हा तेच एकटे उठून उभे राहिले. त्यांनाही खाली बसवलं."

डुलमानं इथल्या रीतीच्या खारट चहाचं मीठ चाखून पाहिलं. "सामान बांधू नकोस. चल बाहेर."

सगळ्यांच्या हातात वाट्या आल्यावर ती टेबलाशी उभी राहिली.

"लोदोइसाहेब, तुम्ही सगळ्यांच्या टोप्या बघितल्या, बूट बघितले, खोळी उपसल्या. सगळं लपवायच्या जागांमधे शोधलंत. बिल्ला कुणी लपवलाच नसेल तर?"

"म्हणजे?"

"सकाळी झुलानं एका देलच्या छातीवर बिल्ल्यांच्या मधे भोक बघितलं. ते शिवायला मालकानं नकार दिला. आता तो देल माझ्या समोर आहे आणि भोक नाही. सुई तर कुणी चालवली नाही. मग भोक गेलं कुठे?"

गानखुयागनं म्हाताऱ्याच्या छातीकडे बघितलं, मग फळ्यावरच्या रिकाम्या भोकाकडे. हळूहळू त्याचं तोंड उघडलं.

"बिल्ल्यांच्या खोलीत बिल्ले लावलेल्या म्हाताऱ्याकडे कोण बघतो?" डुलमा म्हणाली. "फिरकी मागे का राहिली तेही सांगते. ज्याच्याकडे स्वतःची फिरकी आहे त्याला दुसऱ्याची कशाला हवी? आणि एका बिल्ल्याची फिरकी वर्षानुवर्षं जपून कोण ठेवतं? आजोबा, सकाळपासून तुम्ही बोलायला बघताय. आता बोला. कुणी बसवणार नाही."

याद्मा उठला. देलच्या आत हात घालून फिरकी सोडवली आणि बिल्ला दोन्ही हातांनी डुलमासमोर धरला.

"एकाहत्तर साली मिळाला होता," तो म्हणाला. "शहाण्णवच्या नादामच्या जत्रेत घोड्यांच्या शर्यतीच्या गर्दीत पडला. फिरकी सुटून आतल्या खोळीत राहिली, बिल्ला बाहेर गेला. घरी आलो तर बायको म्हणाली, दारूत घातलास. फिरकी दाखवली, शपथ घेतली. पण त्या वर्षांत पितही होतो मी, कोण ऐकणार? मरेपर्यंत तेच म्हणाली. म्हणून भोक शिवू दिलं नाही तिला. शिवलं असतं तर कबूल केल्यासारखं झालं असतं."



"गोष्ट छान आहे," लोदोइ म्हणाला, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. "पुरावा?"

"तुमची फिरकी लावून बघा," डुलमा म्हणाली.

लोदोइनं लावली. ती डुगडुगली. मग याद्माची लावली. सहा कडांची, हातानं घासलेली ओबडधोबड फिरकी शेवटच्या आट्यापर्यंत गच्च बसली.

"आटे झिजले होते," म्हातारा म्हणाला. "लेथवर मी नवी कातली."

"चोपडी काढा, आजोबा," डुलमा म्हणाली.

त्यानं खोळीतून बिल्ल्यासोबत सरकारनं दिलेली लाल चोपडी काढली. पुंत्सागनं भिंग लावून बिल्ल्यामागचा आकडा वाचला, मग चोपडीतला. दोन्ही एकच होते.

"पण माझा पट्टा?" लोदोइ जवळजवळ ओरडला. "चाचणीचा नमुना यांना कसा मिळेल?"

डुलमानं बोटाचं नख गडद पट्ट्यावरून हलकेच ओढलं. लाल रंगाचा बारीक कपचा निघाला.

"मीना म्हणजे काच. काचेला नख लागत नाही. आजोबा, मीना कधी उडाला होता?"

"चौऱ्याहत्तरला. इंजिनाच्या दाराला आपटला. सिग्नलचा रंग होता हाताशी, तोच भरला." याद्मा ओशाळला. "जरा गडद झाला खरा."

पुंत्साग असा हसला की त्याच्या वाटीतला चहा सांडला. अख्ख्या मंगोलियात एकच! लोदोइ खुर्चीत बसला. मोठी हौस मोडलेल्या माणसाचा चेहरा बघवत नाही, मग तो कितीही तोऱ्यात वागलेला असो.

"घेऊन जा," तो म्हणाला. "तुमचाच आहे."

"आणखी एक राहिलं," डुलमा म्हणाली.

लोदोइ झुलाकडे वळून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं तिला."

"माफ कर, झुला! चुकलो मी. व्यवस्थापकाला मीच सांगतो, तू इथेच राहशील."

याद्माही तिच्यासमोर आला. "पोरी, मी आणखी जोरात बोलायला हवं होतं. इतकी वर्षं कुणी ऐकलं नाही ना, सवयच गेली." झुलानं त्याचे दोन्ही हात धरले आणि ती रडली. या वेळी तिनं डोळे पुसले नाहीत.

खाली गाडीशी गानखुयागनं विचारलं, "घरी सोडू, आजोबा?"

"घरी नंतर. आधी बायानखोशूला, मेव्हणीकडे. शहाऐंशीची आहे, अजून मला दारुडाच म्हणते. पण तिला दिसतं चांगलं."

गानखुयागनं म्हाताऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट उघडून धरला. याद्मानं नकारार्थी मान हलवली. कोट घातला तर बिल्ला झाकला गेला असता.

गानखुयागनं कोट मागच्या सीटवर टाकला आणि गाडीचा हीटर पूर्ण चालू केला.