तीन खेपांची दाढ

तो खरं तर वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे निघाला होता. आमच्या दातांच्या दवाखान्याच्या दाराशी पोचला आणि दाढेने अशी कळ मारली, की गाल धरून थेट माझ्या खुर्चीतच येऊन बसला.

"तुम्ही… दुखवणार नाही ना?"

"मी नाही. दाढ दुखवेल," मी म्हटलं. "उघडा तोंड."

रूट कॅनॉल निघालं. तीन खेपा.

आता, माझी एक खोड आहे. पेशंट घाबरलेला असला की मी बोलत सुटते. त्याच्या तोंडात कापूस, त्यामुळे उत्तर द्यायची सोय नाही. पण डोळे! ते हसायचे, चकित व्हायचे, 'पुढे?' विचारायचे. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलंच नव्हतं. मग दुसऱ्या खेपेला मी घरातलंच सांगून बसले. निवृत्त झाल्यापासून बाबा रोज माझ्या डब्यात सफरचंद चिरून द्यायचे. "मी काय लहान आहे का?" असं मी एकदा फटकन बोलले. तेव्हापासून सफरचंद बंद, आणि चार दिवस घरात अबोला.

त्याचे डोळे भरून आले.

"दुखतंय?"

त्याने मानेनेच 'नाही' म्हटलं.

रविवारी सकाळी बाबा रेडिओ लावून दाढी करत होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. रेडिओवर गोष्ट सुरू झाली – एक वडील, एक मुलगी, एक डबा आणि त्यात चिरलेलं सफरचंद! शेवटी मुलगी वडिलांच्या गळ्यात पडून रडते. मग लेखकाचं नाव सांगितलं. तेच, माझ्या पेशंटच्या वहीत तीन तारखांसमोर लिहिलेलं!

बाबांनी रेडिओ बंद केला.

"त्या बापाला अक्कल नाही," अर्ध्या गालावर फेस घेऊन बाबा म्हणाले. "सफरचंद आवडतं का, हे आधी मुलीला विचारायचं तरी."

"…नाही आवडत, बाबा. कधीच नाही आवडलं."

"मग बोलायचं नाही का, गाढवे?"

आम्ही दोघंही असे हसत सुटलो, की साबणाचा फेस पार आरशावर उडाला.

तरी तिसऱ्या खेपेला मी धुमसतच होते.

"रेडिओसाठी गोष्टी लिहिता, हे बोलला नाहीत!"

"आँ…"

"माझ्या घरातलं सगळं वेशीवर टांगलंत!"

"आँ… आँ…"

शेवटी मी कापूस काढला. तो उठून बसला.

"चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं." त्याने गाल चोळला. "पण तुम्ही सांगत होता ना… तेव्हा मला माझे बाबा दिसत होते. आम्ही वर्षभर बोललो नव्हतो. खऱ्यात जमलं नाही, म्हणून गोष्टीत मिटवलं. आणि रविवारी त्यांचाच फोन आला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शेवट फार रडका केलास."

मला रागवायचं होतं हो! पण हसू फुटलं. मग आमच्या घरी काय घडलं ते मी सांगितलं, तर तो दाढ धरून हसला.

दाढ बरी झाली. आता यायला काही कारणच नव्हतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. दारावरची घंटा वाजली की मी उगीच मान वर करायची.

शुक्रवारी दुपारी तो आला. पण खुर्चीत बसला नाही. पेशंटच्या नातेवाइकांसाठीच्या स्टुलावर अवघडून टेकला.

"आज दाढ नाही दुखत," तो म्हणाला. "मला… तुम्ही आवडता. तीन दिवस याहून बरं वाक्य शोधलं. नाही सापडलं."

"आता शोधू नका," मी म्हटलं. "मलाही हेच ऐकायचं होतं."

एवढं बोलून मी तोंडावरचा मास्क काढला. आणि तो बघतच राहिला.

"काय झालं?"

"नाही… तीन खेपांत नुसते डोळेच पाहिले होते. बाकीच्याचा अंदाज केला होता. चुकला."

"म्हणजे?"

"फारच कमी धरला होता."

बाहेरून मावशींनी हाक मारली, "डॉक्टर, पुढचा पेशंट पाठवू?"

"पाठवा!" मी ओरडले. मग हळूच त्याला म्हटलं, "सहा वाजता मोकळी होते. थांबाल?"

तो थांबला. बाहेरच्या बाकावर, चार तास.