खोकलापारखी

यापुढे पृथ्वीतलावर एकही खोकला अनोळखी राहणार नाही, अशी घोषणा करून ‘खोकलापारखी’ हे यंत्र अवतरलं. मिरजेच्या एका वृद्धाश्रमाने ते दारावर बसवलं आणि पहिल्याच सकाळी त्याने दाराच्या गंजक्या बिजागरीला डांग्या खोकला झाल्याचं निदान केलं. तेल घातल्यावर बिजागरी बरी झाली. अजितराव आरवाड्यांचं काम मात्र तेलाने भागण्यासारखं नव्हतं.

त्यांची बायको पद्मजा आत होती. तिची स्मृती एकेक खोली बंद करत चालली होती. अजितराव रोज संध्याकाळी तिला भरवायला यायचे. दाराशी आले की नेहमीची कोरडी ढास लागायची, आणि आता यंत्र अदबीने म्हणायचं, “संसर्गाची शक्यता. कृपया परत जा.”

आश्रमाचे डॉक्टर तांबोळी बाहेर आले. “काका, संसर्ग कसला, हा तुमच्या रक्तदाबाच्या गोळीचा प्रताप. काहींच्या घशात ती गुदगुल्या करते.”

“मग सांगा की त्याला.”

“ते शिकलंय दवाखान्यात भरती झालेल्यांच्या खोकल्यांवर. तुमच्यासारखे खोकत खोकत मंडईत जाणारे त्याला कुणी दाखवलेच नाहीत. आणि माझं ते ऐकत नाही. आपण गोळी बदलू. काही आठवड्यांत खोकला जाईल. स्वतःच्या मनानं मात्र गोळी बंद करू नका.”

गोळी बदलली. अजितराव तरीही रोज यायचे, बाहेर उभे राहून खोकायचे आणि परत जायचे.

एकदा रेबेका सिस्टर खिडकीतून म्हणाल्या, “काका, तुमचा खोकला आला की ताई ‘हे आले’ म्हणतात आणि घास घेतात. एरवी तोंड उघडत नाहीत. आज जरा जोरात खोका की.”

बाई धीर देतेय, असं अजितरावांना वाटलं. “बरा होतोय मी, सिस्टर,” ते अभिमानाने म्हणाले.

आणि ते खरोखरच बरे झाले. यंत्राने “स्वागत आहे” म्हणत दार उघडलं. पद्मजा फार वाळली होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिने तो सभ्यपणे सोडवून घेतला.

“कुणाकडे आलात?”

“पद्मा, मी आहे.”

“आमचे हे यायचेत अजून. दारात खोकतात आधी. मग जेवू.”

अजितराव खोकले. हौशी नाटकातला म्हातारा खोकतो, तसे.

“बनावट खोकला,” दारावरून यंत्र म्हणालं. “दुर्लक्ष करावे.”

पद्मजानेही केलं. तिची नजर दारावरच होती. रेबेका सिस्टरांनी न शिवलेलं ताट उचललं.

जुनी गोळी पुन्हा सुरू केली, तर ती जेवेल आणि हे दार बंद होईल. नवी चालू ठेवली, तर दार उघडं राहील, पण ते कुणासाठी? डॉक्टरांना विचारावं, तर हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात नसणार.

“अहो,” पद्मजा संकोचून म्हणाली, “बसलाच आहात, तर तेवढा पंखा कमी कराल का?”