भावाच्या उपवासाला बुजवलेलं बीळ

तुक्याने काठी उचलली तोवर धामण पेरूखालून निघून कुंपणापलीकडे गेलीसुद्धा होती. तरी तो काठी धरून अंगणात उभाच राहिला.

"ठेव ती खाली," बारक्या काका खाटेवरून म्हणाले. "जनावर गेल्यावर काठी परजणारा एक माणूस मला ठाऊक आहे. वेवजीचा नविन. दुसरा नको."

सायवनला त्या रात्री जेवणं लवकर आटोपली होती. योगिता हात पुसत ओट्यावर येऊन बसली. "कोण हो काका, नविन?"

"माझा साडू. त्याची जयवंती म्हणजे तुझ्या काकीची चुलत बहीण. वर्षातून दोनदा मी त्यांच्याकडे जातो, आणि दोन्ही वेळा नविनचं तोंड बघून पस्तावतो."

"त्यापेक्षा भुताची सांगा," तुक्या म्हणाला.

"भुताचीच सांगतोय. भूत त्यातल्या त्यात बरं होतं."

काकांनी पाय वर घेतले आणि सांगायला लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. अठ्ठावीस जुलै, सोमवार. श्रावणातली चतुर्थी, म्हणजे बायकांचा भावाचा उपवास. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. दुपारी तीनला नविन मोटरसायकल काढून तलासरीला गेला. काम काय, तर सिमेंट आणायचं. पडवीच्या कोपऱ्यात, सरपणाच्या थप्पीमागे, जोत्यात एक बीळ होतं. ते बुजवायचं होतं. पंचमीला गावात कोणी जमीन खणत नाही, बाई विळीवर भाजी चिरत नाही. मग आपल्याला थापी कोण धरू देणार, म्हणून याची आजच घाई.

साप घालवायला त्याने त्याआधी काय काय केलं होतं, ते ऐका. डांबरगोळ्या टाकल्या, त्या कोंबड्यांनी उकरून अंगणभर केल्या. फिनेल ओतलं, तर दोन दिवस पडवीत माणसं बसेनात. मग मोबाईलवरून कसलं यंत्र मागवलं. जमिनीत रोवायचं आणि ते गुंईं गुंईं करत राहणार. सापाचं माहीत नाही, शेजाऱ्यांनी मात्र येणं सोडलं. आणि हे सगळं करताना पडवीत काय? कोंबड्यांचे दाणे सांडलेले, भाताची फाटकी पोती, फुटकी कौलं, आणि भिंतीला घासून छातीएवढं सरपण. उंदरांची खानावळ चालवायची आणि गिऱ्हाईक आलं की बोंब मारायची! तर असा हा नविन.

"सापाला काय, सगळेच घाबरतात," योगिता म्हणाली.

घाबरावं. मीही घाबरतो. पण घाबरून अक्कल गहाण ठेवू नये. जयवंतीचा भाऊ लहान्या हेच सांगायचा. वीस वर्षं त्याने त्या पट्ट्यातल्या घरांतून साप काढले. हल्ली गळ्यात नाग घालून फोटो काढतात ना, तसला नव्हता तो. त्या पोरांना बघून थुंकायचा. तोंडाचा फार वाईट. कोणाच्या घरी गेला की साप राहायचा बाजूला, आधी घरवाल्याचा उद्धार. "तुझ्याकडे साप नाही आलेला, उंदीर आलाय. हा बिचारा त्याच्यामागून आलाय." मग सरपण भिंतीपासून हातभर लांब, विटांवर रचायला लावायचा. गवत कापायला लावायचा. दाणे डब्यात. आणि बीळ दिसलं तर लगेच बुजवू द्यायचा नाही. संध्याकाळी तोंडाशी राख पसरायची, सपाट करायची. सकाळी बघायचं. रेघ बाहेर गेली असेल, आणि पुढच्या रात्री राख तशीच राहिली, तरच दगड बसवायचा. आत जीव ठेवून भिंत बंद करणाऱ्याला तो माणसात धरायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी वारला तो. साप चावून नाही हं. लोकांना तसं ऐकायला आवडतं. कावीळ झाली, गेला. त्याला उचलायच्या आधी जयवंतीने त्याच्या पायांवर हात ठेवून सांगितलं होतं, "दादा, माझ्या घरात साप मरणार नाही."

तर त्या सोमवारी सकाळी तिने आदल्या रात्री पसरलेली राख पाहिली. रेघ होती. नविन मागून ओरडला, "गेला! गेला बाहेर!"

ती वाकली. "नाही हो. आत गेलाय. वळणावर बघा ना, राख अंगणाच्या बाजूला ढकलली गेलीय. पुढे जाणारा मागे ढकलतो. दोन रात्री थांबा."

"तुझा भाऊ राखेवरून भविष्य सांगायचा. आता तू बस पाट मांडून."

आणि हा पाच वाजता सिमेंट घेऊन आला. सरपणाची कडेची चार लाकडं ओढली, बिळात दगड ठोकला, वरून थापी मारली. जयवंती देवाजवळ फुलं ठेवत होती. आवाज ऐकून बाहेर आली. तिने पाहिलं. रडली नाही, भांडली नाही.

"तो जीव बाहेर निघेपर्यंत मी पाणीसुद्धा घेणार नाही," म्हणाली, आणि आत जाऊन देव्हाऱ्यासमोर बसली.

तुम्हाला वाटेल, बायका असं म्हणतात. पण ती जूनमध्येच दवाखान्यातून घरी आलेली. डॉक्टरने बजावलेलं, उपाशी राहायचं नाही, औषध चुकवायचं नाही. उपवासाला ती दूध घेऊन गोळी घेणार होती. आता दूध नाही, गोळी नाही. आणि ती शब्द मोडणारी बाई नव्हे, हे नविनला तीस वर्षांत कळलेलं. त्याने काय करावं? दारातून म्हणाला, "बस. भूक लागली की उठशील." आणि स्वतः जेवला. दोनदा भात घेतला.

पावणेआठला वीज गेली. जयवंतीच्या समईचा उजेड दाराच्या फटीतून येत होता, तेवढाच. नविन पडवीत खाटेवर बसला. साडेआठला पाऊस थांबला. पन्हाळीतून थेंब पडत होते. मध्येच त्याने विचारलं, "उठलीस का गं?" आतून बांगडीचाही आवाज नाही. तेव्हा कुठे याला तिची गोळी आठवली.

मग भिंतीतून आवाज यायला लागला.

आधी घासल्यासारखा. दगडाच्या मागून. थांबायचा. परत यायचा. एकदा धप्... काहीतरी आतून आपटलं.

नविनने पाय वर घेतले.

नंतर दुसरा आवाज. हा भिंतीतला नव्हता. सरपणाचा. थप्पीवरचं एक लाकूड कोणीतरी उचललं. अंगणाच्या बाजूला ठेवलं. बेताने. मग दुसरं.

"कोण आहे?"

तिसरं लाकूड.

"कोण रे? सुनिल?" सुनिल शेजारचा.

चौथं. पाचवं. घाई नाही. पावलांचा आवाज नाही. नुसती लाकडं... एकेक.

मोबाईल उशाशी होता. उजेड लावावा हे त्याला सुचलं. हात उचलला नाही.

लाकडं थांबली.

दाराच्या फटीपुढे, खाली, जमिनीवर कोणीतरी बसलं. मांडी घालून. तेवढी जागा काळी झाली. डोकं दिसलं नाही. वास आला, ओल्या मातीचा.

"भाओजी."

बहिणीच्या नवऱ्याला लहान्या भाओजी म्हणायचा. शिवी दिल्यासारखं. तसंच.



"लाकडं भिंतीला लावून रचतात होय? माणसाने एवढं मठ्ठ असावं?"

...

"दाणे सांडायचे तुम्ही. पोती फाडायची तुम्ही. उंदीर पाळायचे तुम्ही. आणि मरायचं त्याने."

...

"राख वाचता येत नाही. वाचणारीचं ऐकता येत नाही. ती आत बसलीय. उपाशी. माझ्या नावाने."

नविन एवढंच म्हणाला, "चुकलो." हे त्याने मला स्वतः सांगितलं. खरं सांगतो, मला दया आली नाही.

"चुकलात तर बसलात का?"

...

"सिमेंट ओलं आहे. फोडा. हात आत घालू नका. दगड काढा आणि बाजूला व्हा."

कोपऱ्यात पहार होती. ती त्याने कशी उचलली, त्यालाही आठवत नाही. त्या बसलेल्याच्या अगदी बाजूने जायला लागलं. बाजूने जाताना थंडी वाजली. एक घाव. दुसरा. ओलं सिमेंट ढेकळासारखं पडलं. पहारीच्या टोकाने दगड ओढला. दगड सुटला, आणि हा भिंतीला चिकटून उभा राहिला. अंधारात. अनवाणी.

काही नाही.

काही नाही...

मग सरसर. लांब. संपेचना. पावलाच्या बोटांना लागून गेलं, गार, जड. गेलं. पायरीवरून खाली. गवत हललं.

नविनने श्वास घेतला.

आणि परत सरसर. दुसरं.

ते थांबलं. त्याच्या पावलावरच. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. हलायचं नाही एवढंच त्याला कळत होतं. शेवटी तेही निघालं. पहिल्याच्या मागून.



दार उघडलं तेव्हा त्याने किंकाळी फोडली. बघतो तर जयवंती. हातात समई. तोंड पांढरंफटक, पण आपल्या पायांवर उभी. पडवीत दुसरं कोणी नव्हतं. सरपण भिंतीपासून हातभर लांब, विटांवर नीट रचलेलं होतं. सगळंच्या सगळं. ते सरपण रचायला दोन माणसांना अर्धा दिवस लागला होता.

तिने फुटलेलं बीळ पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"दादा आला होता ना?"

नविनने मान हलवली.

"बसला तरी का? की उभ्यानेच गेला?"

"बसला होता."

"कुठे?"

त्याने बोट दाखवलं. तिने समई खाली धरली. सारवलेल्या जमिनीवर ओला डाग होता. मांडी घालून माणूस बसला, की उमटेल तसा. गुडघे, बूड, सगळं. तिथपर्यंत यायची पावलं नव्हती. परत जायचीही नव्हती.

ती त्या डागापाशी बसली. तिथेच तिने दूध मागितलं, गोळी मागितली. आणि आयुष्यात पहिल्यांदा नविनने चुलीवर दूध तापवून आणलं. उतू घालवून आणलं, पण आणलं.

काका थांबले. तुक्याने काठी केव्हाच खाली ठेवली होती.

"पाऊस होता ना काका," योगिता हळूच म्हणाली. "कोणीतरी भिजून आलं असेल. डाग सकाळी वाळला असेल."

"तेच नविन म्हणाला. सकाळी म्हणाला, वाळेल. गणपती आले, डाग तसाच. दिवाळीला त्यावर निखारे ठेवले, निखारे विझले. मग शहाण्याने पूर्ण पडवीला फरशी बसवून घेतली. आता कोणी विचारलं तर सांगतो, खालून पाइप गळतोय."

"मग गळत असेल पाइप."

"पडवीत पाइप नाही, पोरी. त्या घरात नळच नाही, पाणी विहिरीचं." काकांनी आवाज खाली आणला. "यंदा मे महिन्यात मी गेलो होतो. विहिरीत बादली तळाला लागत होती. जयवंती त्या जागेवर एक फूल ठेवून आत गेली. नविन घरी नव्हता. मी वाकलो, फरशीवर हात ठेवला..."

काकांनी हात वर केला. उजेडात तळवा दोघांपुढे धरला.

"कोपरापर्यंत गार पडलो. आणि हात ओला."